पेवाच्या तोंडाशी माय

आजीचा विषय निघाला की माझ्या नातसुनेचे डोळे भरून येतात. तिची आजी म्हणे गोष्टी सांगायची, केसांवरून हात फिरवायची. माझ्या आजीचा हात केसांपाशी यायचा तो झिंज्या धरायला. तिला आम्ही माय म्हणायचो. चुलीपुढं बसली की उजव्या हाताशी फुंकणी, आणि ती फुंकणी विस्तवापेक्षा आमच्या पाठीवरच जास्त चालायची. ताटात भाकरीचा तुकडा टाकला, धपाटा. खेळताना गुडघा फोडून घेतला, तर आधी धपाटा आणि मग औषध. "खा, न्हायतर मार खा," एवढं एकच वाक्य तिनं आयुष्यभर आम्हाला ऐकवलं असेल.

पण घरात अकरा माणसं होती आणि त्यातलं एकही कधी उपाशी झोपलं नाही. आधी गुरं, मग पोरं, मग गडी, मग दारातलं कुत्रं, आणि सगळ्यांचं झालं की भांड्याला चिकटलेलं खरवडून ती जेवायची. एकदा न्हाणीत नाग निघाला. आई आणि आत्या किंचाळत अंगणात पळाल्या. मायनं हाताशी होता तो पाट घेतला, नागाचं डोकं ठेचलं, पाट घासून धुतला आणि दुपारी त्याच पाटावर बसून कालवण-भाकरी खाल्ली. आम्ही पोरं दिवसभर तिच्याकडं बघत होतो, तर त्यावरूनही एकेक ठेवून दिली.

आमचं गाव परंड्याच्या अंगाला, सोनारीपासून दीडेक कोसावर. राज्य निजामाचं, म्हणून आम्ही त्याला मोगलाई म्हणायचो. ओढ्यापलीकडची चार गावं ओलांडली की खालसा, म्हणजे इंग्रजांचा मुलूख. जमीन काळी, जवारी उदंड, आणि ती साठवायची जमिनीच्या पोटात, पेवात. ज्यांनी पेव पाहिलं नाही त्यांना सांगते. अंगणात खोल खड्डा खणायचा, दोन पुरुष खोल, आत पोट मोठं आणि तोंड घागरीसारखं अरुंद. आतून कडब्याचं अस्तर लावून धान्य ओतायचं, वर शिळा ठेवायची, वरून माती टाकून सारवून घ्यायचं. नवख्याला वाटावं, नुसतं अंगण आहे. वर्षभर धान्याला किडा लागत नाही, कारण आत वारा नसतो. वारा नसतो म्हणूनच आत उतरलेला माणूसही जगत नाही.

आमचे आजोबा तसेच गेले. पाहुणे अचानक आले, घरात पीठ नव्हतं, आजोबांनी शिळा सरकवली आणि सरळ आत उतरले. बाहेर आले नाहीत म्हणून मायचा सख्खा भाऊ त्यांना काढायला उतरला. तोही तिथंच राहिला. माय तेव्हा चोवीस वर्षांची होती आणि माझे वडील तिच्या कडेवर होते. नवरा आणि भाऊ एकाच दुपारी, एकाच पेवात.

त्यानंतर आमच्या घरचं पेव मायशिवाय कुणी उघडलं नाही. सकाळी शिळा काढायची, तो दिवस आणि ती रात्र पेव उघडं ठेवायचं, दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं की पेटता कंदील दोराला बांधून आत सोडायचा. माय पेवाच्या तोंडाशी पालथी पडून त्या ज्योतीकडं बघत राहायची. ज्योत मंदावली की कंदील वर आणि परत वाट बघायची. एकदा आमच्या आत्याचे यजमान, कळंबला धान्याच्या अडतीवर होते ते, सणाला आले होते. नवा कोट घातलेला. सकाळीच उघडलेल्या पेवात डोकावून, जवारीचा दाणा कसा काय पडलाय ते बघावं म्हणून त्यांनी एक पाय आत टाकला. मायनं त्यांना कोटाच्या कॉलरला धरून मागं ओढलं आणि सगळ्या गल्लीदेखत फाडकन कानाखाली वाजवली. जावयाच्या! आत्या रडायला लागली, जावई रुसून मारुतीच्या पारावर जाऊन बसले. मायनं दुपारी पुरण घातलं, वाटीभर तूप वाढलं, बोलवायला माणूस पाठवला. माफी मात्र मागितली नाही. "जित्ता हाय म्हनून रुसलाय. रुसू द्या," म्हणाली.

मी नऊ-दहा वर्षांची असताना आमच्याकडं माणसं मारायचे दिवस आले. इंग्रज गेले होते, खालसात झेंडे लागले होते, आणि आम्ही अजून मोगलाईतच. निजामाच्या बाजूनं लढतो म्हणणाऱ्या हत्यारबंद टोळ्या घोड्यांवरून गावोगाव फिरायच्या. माय त्यांना घोडेवाले म्हणायची, तेवढंच नाव आमच्या घरात होतं. गावातले तरणे पुरुष सरहद्दीपलीकडं छावणीत गेले. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, तेही गेले. गावात उरलो आम्ही बायका, म्हातारी, पोरं आणि गुरं. शेजारी दस्तगीर पिंजारी आणि त्याची बायको हुसेनबी. दस्तगीर कापूस पिंजून गाद्या भरायचा. हुसेनबीचं आणि मायचं कुंपणावरून रोज भांडण, आणि रोज एकमेकींकडं कालवणाची वाटी. घोडेवाले आले तेव्हा दस्तगीर हात जोडून त्यांना आडवा गेला, तर त्यांनी त्यालाही चाबकानं मारून रस्त्यातून बाजूला केला.

भर दुपारी आले. दहाबारा असतील. पारापाशी म्हातारा कोतवाल उभा होता, त्याला घोड्याला बांधून वेशीपर्यंत फरफटत नेला. ते मी पाहिलं नाही, ऐकलं. मी गोठ्यात गव्हाणीमागं दडून बसले होते. आमच्या अंगणात दोघंच शिरले, बाकीचे गल्लीतली घरं फोडत होते. दोघंही कोवळे. एकाला नुकती मिसरूड फुटलेली, दुसऱ्याला तीही नाही. मिसरूडवाल्यानं आईला विचारलं, नवरा कुठाय? आई बोलली नाही. त्यानं बंदुकीचा दस्ता उलटा करून तिच्या हातावर मारला. कोपराखाली तिचं हाड मोडलं, त्याचा आवाज मला गोठ्यात आला. माय आडवी आली तर तिलाही ढकललं. मग तो अंगणात दस्ता आपटत फिरू लागला आणि एके ठिकाणी जमीन पोकळ वाजली.

"खोल, बुड्ढी."

मायनं पहार आणली, माती उकरली, शिळा सरकवली. गेल्या सुगीत भरलेलं पेव. निम्मी जवारी सरकारी माणसांनी आधीच नेली होती, आणि तेव्हापासून ते बंद होतं. मिसरूडवाल्यानं लहान्याला सांगितलं, आत किती आहे बघ. लहान्यानं बंदूक बाजूला ठेवली. आमच्या विहिरीचा दोर त्यानं गोठ्याच्या खांबाला एक वेढा देऊन आत सोडला आणि दुसरं टोक मायच्या हातात दिलं. "अम्मा, पक्का पकडना," म्हणाला. तो खांब माझ्यापासून चार हातांवर होता. मला त्या पोराचा चेहरा दिसत होता. घामेजलेला आणि जरासा लाजलेला, परक्या बाईला काम सांगताना पोरं लाजतात तसा.

माय काही बोलली नाही.

एवढंच मी आयुष्यभर आठवत आले. जिनं जावयाला चारचौघांत कानाखाली दिली, जिचं तोंड झोपेतसुद्धा मिटत नसे, ती बाई काही बोलली नाही. पोरगं दोराला धरून आत उतरलं. क्षणभरानं आतून आवाज आला, "अम्मा, रस्सी..." दोराला एक हिसका बसला, मग दुसरा, आणि दोर सैल पडला. मायनं तो सोडला नाही, ओढलाही नाही. खांबासारखी उभी होती. तिच्या एकटीच्या ओढण्यानं तो वर आला असता की नाही, मला माहीत नाही. पण हाक मारता आली असती.

मिसरूडवाला पेवात वाकून ओरडू लागला. उत्तर येईना, तेव्हा त्यानं बंदूक टाकली आणि दोन्ही पाय आत सोडले. तोच मायनं दोर टाकला आणि झेप घेऊन मागून त्याच्या पट्ट्याला धरलं. त्याला तिनं एवढ्या जोरानं खेचलं की दोघंही अंगणात उताणे पडले. "मरशील, मुडद्या! वारा न्हाय आत!"

गप्प राहिली असती तर अपघात ठरला असता. तो दुसराही आत मेला असता आणि हिला ठाऊक होतं हे त्यांच्यातल्या कुणालाच कळलं नसतं. पण तिनं ओरडून सांगितलं, आणि त्या पोराला कळलं की हिला ठाऊक होतं. आधी तो रडला. मग उठला आणि ज्या दस्त्यानं आईचा हात मोडला त्याच दस्त्यानं त्यानं मायच्या कमरेवर मारायला सुरुवात केली. एकदा, दोनदा, मग मी डोळे मिटले. आवाजानं बाकीचे आले. त्यांच्या मोहरक्यानं बुटाची लाथ तिच्या तोंडावर घातली, तिचे पुढचे दात पडले. मेली असं समजून त्यांनी तिला टाकलं, कडब्याची गंजी पेटवली आणि गेले. पेवात उतरायची छाती त्यांच्यातल्या एकाचीही झाली नाही. पोराला तसंच ठेवून गेले.

माय मेली नाही. दुसऱ्या दिवशी बाजेवर पडल्या पडल्या तिनं दस्तगीरला बोलावलं. तिचा ओठ फाटला होता, बोलताना रक्त यायचं.

"कंदील सोड आत. जळतुया का?"

"जळतोय, काकू."

"मग उतर. पोराला वर घे. तुमच्यात करत्यात तसं समदं कर."

दस्तगीरनं त्याला काढला. हुसेनबीनं अंगणात पडदे लावून पाणी गरम केलं, दस्तगीरनं अंघोळ घातली, ओढ्याच्या काठाला कडुलिंबाखाली त्याला पुरलं. हुसेनबी येऊन मायला म्हणाली, "काकू, डाव्या हाताला सहा बोटं हायत वो त्याच्या."

"ध्यानात ठिव," माय म्हणाली आणि तोंड भिंतीकडं केलं.

आई मात्र हे कधी विसरली नाही. तिचा हात वाकडाच बसला. पुढं कितीदा तरी चुलीपुढं ती पुटपुटायची, "वाचवायचाच व्हता तर तो बारका वाचवायचा. ज्यानं मला मोडलं त्यालाच वडलं बाहीर." माय ऐकायची आणि उत्तर द्यायची नाही.

सहा महिन्यांनी हिंदुस्थानची फौज आली. चारपाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. दादा छावणीतून परत आले, गावात गुलाल उडाला, आणि माय एकदम मोठी झाली. मायनं एक लोळवला, म्हातारीनं पेवात गाडला, असं गावभर झालं. शेजारच्या गावची माणसं तिचे पाय धरायला यायची. ती पाय आखडून घ्यायची. कंबर मोडलेली, उठता येत नव्हतं, नाहीतर एखाद्याच्या टाळक्यात काही घातलं असतं.

गुलाल दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी कुऱ्हाडी निघाल्या. कोतवालाचा सूड, मायचा सूड, असं म्हणत जमाव आधी शिवारात गेला. दस्तगीर बांधावर शेरडं चारत होता. ज्यानं त्यांच्याचसाठी घोड्यांपुढं हात जोडले होते, त्या दस्तगीरला आमच्या गावच्या लोकांनी बांधावरच तोडलं. बातमी आली तेव्हा माय बाजेवर बसून डाळ निवडत होती. सूप खाली ठेवून ती आईला म्हणाली, "बाज उचला माझी. हुसेनबीच्या दारात टाका. आडवी टाका, कुनाला आत जाता येऊ नये आशी."

आईनं मोडक्या हातानं, मी आणि माहेरी आलेल्या आत्यानं मिळून ती बाज उचलली. आत हुसेनबी आणि तिची लेक एकमेकींना धरून बसल्या होत्या. दार मायच्या बाजेनं अडलं. जमाव आला. पुढं दादा होते, हातात कुऱ्हाड. कुऱ्हाड कोरडी होती, हे मी आधी पाहिलं. अजूनही मला त्याचंच बरं वाटतं.

"माय, तू बाजूला हो," दादा म्हणाले. "तुझं हे हाल केल्यात त्यांनी."

"कुनी केल्यात? हुसेनबीनं?"

"समदे एकच."

"एकच व्हय? मग ऐक, रामा." तिनं कोपरावर अंग उचललं. "ते पोरगं आपसुक न्हाय मेलं. म्या मारलं. दोर माझ्या हातात व्हता. अम्मा म्हनून हाक मारली त्यानं आतनं, दोन डाव हिसका दिला दोराला. म्या हात हालवला न्हाय. तुझा बाप जसा मेला तसा त्याला मरू दिला म्या, जानून. हे हुसेनबीला ठावं हाय. तरी तिनं सा म्हैनं माझं हागनं-मुतनं काढलंय."

मागून कुणीतरी हसून म्हणालं, "झ्याक केलंत की, माय." माय त्याच्या दिशेनं थुंकली. दातांवाचून ती थुंकी तिच्याच हनुवटीवर आली. ती पुसली नाही.

"आता तू बी मार," ती दादांना म्हणाली. "पर एक सांगते. मारल्यावर काय हुतं ते मला हितं पडून रोज कळतंय. तुला बी कळंल. मग तुझ्या शेजारी बाज टाकून बसायला म्या नसंन."

दादांनी कुऱ्हाड खाली घेतली. मग वळले आणि जमावाकडं तोंड करून बाजेच्या पायथ्याशी बसले, कुऱ्हाड मांडीवर घेऊन. दोन दिवस ते तिथून उठले नाहीत. जमाव शिव्या देत पांगला. दस्तगीर मात्र गेलाच होता. त्याला कुणी मारलं ते गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच कधी बोललं नाही. मायला हे शेवटपर्यंत लागून राहिलं. तिच्यामुळं हुसेनबी वाचली असं कुणी म्हणालं की ती म्हणायची, "येक तास आधी बाज उचलली असती तर तिचा दादला बी वाचला असता."

मायच्या डोक्यात आता एकच गोष्ट राहिली. त्या पोराची आई. हुसेनबीचा भाऊ पिंजणं खांद्यावर घेऊन गावोगाव हिंडायचा. त्याला तिनं सांगून ठेवलं, डाव्या हाताला सहा बोटं असलेलं, ह्या वयाचं पोरगं कुणाचं हरवलंय का, इचारत जा. आई चिडायची. "सुखाचा जीव दुःखात कशाला घालताय?" माय म्हणायची, "ती वाट बघत आसंल. वाट बघण्यापरीस वाईट काय हाय?"

त्याच्याच तपासानं पुढच्या उन्हाळ्यात त्या पोराची आई आली. उमरग्याकडची. नवरा नव्हता, तेवढाच एक मुलगा. हुसेनबीकडं उतरली. माय काठी टेकत टेकत तिकडं गेली आणि हुसेनबीला म्हणाली, "तू बोलू नगंस. म्या सांगते." बाई ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती, माझ्या आईपेक्षा फार मोठी नसेल. मायनं तिच्यासमोर जमिनीवर बसून सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. दोर, हाक, दोन हिसके. बाईला मराठी समजत होतं. तिनं शेवटी एकच विचारलं, "खाना खाया था क्या उसने?"

"ठावं न्हाय," माय म्हणाली. "इचारलं न्हाय म्या."

बाईनं पायातली चप्पल काढली. पहिला तडाखा मायच्या गालावर बसला तेव्हा मी ओरडले. दादा अंगणातून धावत आले, तर मायनं हात वर करून त्यांना थांबवलं. "मागं हो, रामा. हे आमचं दोघींचं हाय." बाई मारत राहिली. तोंडावर, डोक्यावर, खांद्यावर. मायनं हात आडवा घातला नाही, मान वळवली नाही. शेवटी बाईच्या हातातून चप्पल गळली आणि ती तिथंच कोसळली, तेव्हा मायनं तिचं डोकं जमिनीवर आपटू नये म्हणून तळहात मधे धरला.

त्याच वर्षी माझं लग्न झालं. मी सासरी असतानाच माय गेली, मला निरोप मिळाला तो दिवसकार्य उरकल्यावर. लग्नाच्या गडबडीतली माय मला आठवत नाही; माझ्या डोळ्यांपुढं तिचं जे रूप राहिलंय ते त्या बाईच्या जाण्याच्या सकाळचं. बाई कडुलिंबाखाली बसून आली होती. आमच्या घरचा घासही तिनं खाल्ला नव्हता, पाणीसुद्धा हुसेनबीच्याच हातचं. बैलगाडी ओढ्यापाशी उभी होती. माय काठी टेकत मागं मागं गेली, तोंड सुजून एक डोळा बंद झालेला. मी तिचा हात धरायला गेले तर तिनं झिडकारला. बाई गाडीत चढली, पडदा ओढला, आणि मग परत बाजूला केला.

"वो दूसरा पोट्टा," ती म्हणाली. "जिस कू तुम खेंचे. वो जिंदा है?"

"आसंल," माय म्हणाली.

"उसकू कायकू खेंचे? मेरे बच्चे कू नै खेंचे, उसकू कायकू?"

हेच आई इतके दिवस विचारत होती, आणि मायनं कधी उत्तर दिलं नव्हतं. आता ती काठीवर दोन्ही हात ठेवून जराशी वाकली.

"तुमच्याला वडला न्हाय म्हनूनच," ती म्हणाली. "त्या दुसऱ्याच्या येळंला हातच गप र्‍हाईना."

बाईनं तिच्याकडं पाहिलं. पडदा पडला. गाडीवानानं बैलांना हाकलं आणि गाडी ओढ्याच्या उतारावरून पलीकडं चढली. माय तिथंच उभी राहिली, तोंड उघडं टाकून. पदर डोक्यावरून खाली आला होता, तो तिनं वर घेतला नाही.